वाचनालयाची आख्खी डेबियन सिस्टीम नव्या एसएसडीवर न्यायची आहे: डीडी, टार की आरसिंक?

पुस्तकवेडा_साताराकर (धागालेखक)
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात एक डेस्कटॉप आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि कोहा (वाचनालय चालवायचं सॉफ्टवेअर). सभासद, देवघेव, पुस्तकांची सूची, सगळं त्यातच. शिवाय एसआरव्ही फोल्डरमध्ये जुन्या अंकांचे नि पुस्तकांचे स्कॅन. हार्डडिस्क १ टीबीची, भरलेली ३१० जीबी. गेल्या आठवड्यात मशीन अडखळायला लागलं म्हणून स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी आज्ञा) चालवून पाहिलं: रिअलोकेटेड (खराब म्हणून बदलून ठेवलेले) सेक्टर १६, करंट पेंडिंग सेक्टर २४. कमिटीने ५०० जीबीची एसएसडी मंजूर केली, ती हातात आली आहे.

नव्याने सगळं बसवायला नको, कारण कोहाची मांडणी ज्या मुलाने केली तो नोकरीला बाहेरगावी गेला आणि त्याने काय काय बदललं याची वही कोणाकडे नाही. मशीनवर डेस्कटॉप नाही, नुसता काळा पडदा. डीडी, टार, आरसिंक ही नक्कल करायची साधनं ऐकून आहे. जसं आहे तसं उचलून नव्या डिस्कवर कसं ठेवायचं?

एकओळी
डीडी मारा, चहा प्या, या. संपलं.

शेलारमामा
एकओळी, इथे डीडी चालणार नाही. एक तर नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे. डीडीला फाइल, फोल्डर काही कळत नाही, तो पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत ओढत जातो. १ टीबीचं ५०० जीबीत कसं बसवणार? दुसरं म्हणजे वाचता न येणारा सेक्टर आला की डीडी तिथेच थांबतो. नोएरर आणि सिंक हे पर्याय लावले तर पुढे जातो, पण न वाचलेल्या जागी शून्यं भरतो. ब्लॉक साइज ४ एमबी दिली असेल तर एका खराब सेक्टरपायी त्या ब्लॉकमधला बराच चांगला भागही शून्य होऊन बसतो. आणि कोणाला कळतही नाही.

साताराकर, पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला जे वाचता आलेले नाहीत आणि जे अजून बदललेलेही नाहीत ते. अशा डिस्कवर आत्ता एफएसचेक अजिबात चालवू नका, तो दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितो. सिस्टीम हलवायचा विचार नंतर. आज रात्री फक्त दोन गोष्टी बाहेर काढा: कोहाचा डंप आणि स्कॅन. कोहा-डंप ही आज्ञा इन्स्टन्सचं (तुमच्या कोहाच्या मांडणीचं) नाव देऊन चालवली की डेटाबेसची एक दाबलेली एसक्यूएल फाइल आणि कॉन्फिगरेशनची एक टार फाइल मिळते. डेबियन पॅकेजातून कोहा बसवलं असेल तर रोज रात्रीचे डंप व्हार-स्पूल-कोहामध्ये आधीच पडलेले असतील. ते पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह घरी न्या.

पुस्तकवेडा_साताराकर
मामा, आहेत की! रोजचे डंप पडलेत. त्याच डिस्कवर, अर्थात. काढून घेतले. स्कॅन एका बाहेरच्या डिस्कवर चाललेत, यूएसबी २ आहे म्हणून रेंगाळतंय.

डब्लिनकर
यूएसबी २ ला प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात. ३०० जीबीला अडीच-तीन तास धरा. आजारी डिस्कला त्याहून जास्त.

कोकणी_पेंग्विन
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या शाळेच्या मशीनचंही हेच करायचंय.

मीनाक्षी_के
आता सिस्टीम. आधी एक सांगते: इथला एडिटर दोन वजाचिन्हांची एक लांब रेघ करून टाकतो. मागे एका धाग्यावरून कॉपी-पेस्ट केलेल्या आज्ञा त्यामुळेच चालत नव्हत्या. म्हणून मी आज्ञा तोंडी सांगितल्यासारख्या लिहिते, टाइप तुम्ही हाताने करा. हाताने केलेलं वाचलंही जातं.

चालू सिस्टीमची नक्कल करू नका. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या लिनक्सवरून) मशीन सुरू करा. मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) नीट बंद झालेली असते, फाइली हलत नसतात, लॉग वाढत नसतो. चालू डेटाबेसच्या फाइली उचलल्या तर पहिली फाइल आताची आणि शेवटची अर्ध्या तासानंतरची, असा गोळा हाती येतो.

नवी एसएसडी जोडा, जीडिस्क किंवा पार्टेडने विभाग पाडा: ईएफआयला (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींना) ५१२ एमबी, थोडा स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची जागा), उरलेलं सगळं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टीम). जुनी रूट (सिस्टीमचं मूळ फोल्डर) केवळ-वाचनासाठी एका जागी माउंट करा, म्हणजे जोडा, नवी दुसऱ्या जागी. मग आरसिंक. त्याचा साधा ए हा पर्याय बहुतेकांना माहीत असतो आणि त्यात सगळं आलं असा समज असतो. नाही येत. हार्डलिंकसाठी (एकाच फाइलीची अनेक नावं) मोठा एच, एसीएलसाठी (जादा परवानग्या) मोठा ए, एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटसाठी मोठा एक्स वेगळे द्यावे लागतात. शेवटचा विसरला तर फाइल कॅपॅबिलिटी (प्रोग्रामला दिलेले खास अधिकार) जातात. मग बऱ्याच सिस्टीमवर पिंगसारखी साधी गोष्ट रूट वापरकर्त्याशिवाय चालत नाही आणि माणूस दोन दिवस नेटवर्कवर संशय घेत बसतो.

स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ द्या. ती असेल तर फोल्डरमधला ऐवज जातो, नसेल तर फोल्डरच्या नावासकट जातो, म्हणजे तुमची रूट नव्या डिस्कवर आणखी एका फोल्डरच्या पोटात जाऊन बसेल. आणि आधी एकदा साधा एन लावून, काही न लिहिता, कोरडी फेरी काढा.

जुना_युनिक्सवाला
आरसिंक १९९६चा. ट्रिजेल आणि मॅकेरास ह्या दोघांनी तो नेटवर्कवरून फरकापुरतंच पाठवायला केला. एकाच मशीनमध्ये एका डिस्कवरून दुसरीवर नेताना त्या हुशारीचा उपयोग शून्य, तो सरळ आख्खी फाइल लिहितो. त्यामुळे टार घ्या. टार १९७९च्या सातव्या युनिक्सपासून आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा. एका टारचं तोंड दुसऱ्या टारच्या कानाला लावायचं, पाइपमधून गेलं.

मीनाक्षी_के
काका, निरोगी डिस्कवर मान्य. इथे डिस्क आजारी आहे. आरसिंक एखादी फाइल वाचता आली नाही तर तिचं नाव सांगतो, पुढच्या फाइलीकडे जातो आणि शेवटी २३ हा कोड देऊन संपतो. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, झालेलं सोडून तो पुढचं उचलतो. टारचा पाइप पुन्हा पहिल्यापासून.

जुना_युनिक्सवाला
वीज गेली तर. हं. साताऱ्याकडे जाते का अजून?

पुस्तकवेडा_साताराकर
काका, मंगळवारी विचारा.

डब्लिनकर
टारबद्दल एक भर. टारमध्ये मालकाचं नावही साठवलं जातं आणि उलगडताना तो आधी नाव जुळवतो. लाइव्ह यूएसबीवर मायएसक्यूएल नावाचा (डेटाबेसच्या फाइलींचा मालक) वापरकर्ता वेगळ्या क्रमांकाचा असेल तर डेटाबेसचं फोल्डर भलत्याच क्रमांकाच्या नावावर होतं. नव्या डिस्कवरून सुरू केल्यावर मारियाडीबी उठत नाही, आणि लॉगमध्ये फक्त परवानगी नाकारली एवढंच. म्हणून टारला न्यूमेरिक-ओनर सांगायचं. आरसिंक एकाच मशीनवर चालत असेल तर हा प्रश्न येत नाही, दोन मशीनमध्ये असेल तर न्यूमेरिक-आयडीज द्या.

आणि चालू सिस्टीमवरून टार काढणाऱ्यांसाठी: प्रॉक, सिस, डेव्ह, रन (सिस्टीम चालू असतानाच भरणारी) वगळताना फोल्डर वगळू नका, आतला ऐवज वगळा, म्हणजे नावानंतर तिरकी रेघ आणि तारा. रिकामी फोल्डरं लागतात, त्यांच्यावरच पुढे माउंट होतं. प्रॉक वगळायला विसरलेल्यांना केकोर नावाची १२८ टीबीची फाइल भेटते. ती फाइल नव्हेच, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दाखवलेला पत्त्यांचा पसारा आहे, पण तुमचा बॅकअप तिच्यामागे धावत सुटतो.

एकओळी
तरी डीडी.

शेलारमामा
डीडीच हवा असेल तर डीडीरेस्क्यू वापरावा, डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. तो आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतो, अवघड जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतो आणि मग त्या जागांभोवती चिमटे काढत फिरतो. पण त्यालाही १ टीबीची जागा हवी. आरसिंकने महत्त्वाचं काही सुटलं तरच त्याच्याकडे जा. आणि डीडीचे आयएफ-ओएफ (स्रोत आणि लक्ष्य) लिहिताना एसडीए-एसडीबी या डिस्कच्या नावांवर विसंबू नका, रीबूट झाला की नावं बदलू शकतात. डेव्हच्या आत डिस्क, त्यात बाय-आयडी नावाचं फोल्डर आहे, तिथे मॉडेल आणि सिरियल नंबरसकट नाव मिळतं.

पुस्तकवेडा_साताराकर
आरसिंक झाला. शेवटी २३ कोड. चुकलेल्यांची यादी वेगळ्या फाइलीत वळवली होती: स्कॅनमधल्या काही पीडीएफ आणि यूएसआर-शेअरमधल्या दोन-तीन फाइली. आता बूट होईल का?

मीनाक्षी_के
पीडीएफ बाहेरच्या डिस्कवर आल्या असतील तर तिथून घ्या, नाहीतर ती पानं पुन्हा स्कॅन करावी लागतील. यूएसआरमधलं सोपं आहे: नवी सिस्टीम उठली की डीपीकेजी-व्हेरिफाय चालवा, कोणत्या पॅकेजची फाइल बिघडली वा गायब आहे ते दिसतं, तेवढी पॅकेजेस पुन्हा बसवा.

बूट मात्र अजून होणार नाही. फाइली आल्या, पण नव्या विभागांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) नवे आहेत आणि ईटीसीतला एफएसटॅब (कोणता विभाग कुठे जोडायचा त्याची यादी) अजून जुन्यांचीच नावं घेतोय. बीएलकेआयडीने नवे पाहा आणि तीनही ओळी बदला: रूट, ईएफआय, स्वॅप. स्वॅप हमखास राहतो. तो तिथे चुकला तर सिस्टीमडी (सुरुवातीला सगळं चालू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहत बसतो. स्वॅपचा यूयूआयडी आणखी एका जागी लपलेला असतो: इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमधली रिझ्यूम ही फाइल. तीही बदला. स्कॅनची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये असेल तर तिला नोफेल हा पर्याय लावा, नाहीतर ती जोडलेली नसेल त्या दिवशी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागेल आणि ग्रंथपालबाई तुम्हाला फोन करतील.

शेलारमामा
ताईंच्या पुढचं मी सांगतो. ईएफआयचा विभाग वेगळा असतो. आरसिंकला एकाच फाइलसिस्टीमवर राहा असं सांगितलं असेल किंवा तो माउंटच नसेल तर त्यातला ऐवज आलेला नाही. तो फॅट असतो, मालकी-परवानग्या त्याला ठाऊक नाहीत, साधी नक्कल पुरे.

मग नवी रूट माउंट करा, तिच्या आत ईएफआय माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस, रन बाइंड करा आणि क्रूट करून आत जा. आता तुम्ही नव्या घरात उभे आहात. तिथून ग्रब-इन्स्टॉल (ग्रब म्हणजे सिस्टीम बूट करणारा प्रोग्राम), अपडेट-इनिटरॅमएफएस, अपडेट-ग्रब, याच क्रमाने.

पण लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्ये सुरू झालेली असायला हवी. सिस-फर्मवेअरच्या आत ईएफआय फोल्डर दिसतं का बघा. नसेल तर तुम्ही जुन्या बायॉस मोडमध्ये आहात. बाहेर या, बूट मेन्यूतून यूएसबीची दुसरी नोंद निवडा. क्रूटमध्ये ईएफआयव्हार्सही माउंट लागतं, नाहीतर ग्रबला मदरबोर्डच्या यादीत आपलं नाव नोंदवता येत नाही. काही मदरबोर्ड ती यादी मानतच नाहीत, फक्त ईएफआय-बूट फोल्डरमधली ठरावीक नावाची फाइल शोधतात. तसं झालं तर ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय द्या.

नाशिककर_७७
मध्येच विचारतो, विंडोजवाल्यांना काही आहे का? आमच्या ऑफिसात सगळं तेच.

डब्लिनकर
आहे. पूर्ण सिस्टीमसाठी डब्ल्यूबीअ‍ॅडमिन: स्टार्ट बॅकअप, लक्ष्य ड्राइव्ह आणि ऑलक्रिटिकल. बूटला लागणारे सगळे विभाग तो स्वतः ओळखून घेतो. परत आणायचं ते रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमधून. फाइलींसाठी रोबोकॉपी. त्याच्या दोन खोड्या आहेत. मिर हा पर्याय म्हणजे आरसा: स्रोतात नाही ते लक्ष्यातून पुसलं जातं. आणि त्याचा एक्झिट कोड १ म्हणजे फाइली नीट गेल्या. ८ पासून पुढे चूक. टास्क शेड्यूलरला वाटतं शून्य नाही म्हणजे बिघडलं. आमच्याकडे कोणीतरी त्या खोट्या इशाऱ्यांना कंटाळून इशारेच बंद केले होते.

पुस्तकवेडा_साताराकर
उठलं!! कोहा सुरू, सभासद दिसतात, देवघेव होते. शोधात मात्र काहीच सापडत नाही. आणि बाहेरच्या डिस्कवरून स्कॅन परत आणताना दोन विचित्र गोष्टी. काही फाइलींना 'नाव फार लांब' म्हणून नकार. आणि काही फाइली दोनदा दिसतात, अगदी एकसारख्या नावाने, एकाच फोल्डरमध्ये! एकाच नावाच्या दोन फाइली कशा राहतील?

मीनाक्षी_के
शोध म्हणजे झेब्रा, कोहाचं शोधयंत्र. त्याची सूची बहुतेक खराब सेक्टरवर होती. कोहा-रीबिल्ड-झेब्रा, साधा एफ लावून, इन्स्टन्सचं नाव. पुन्हा सगळं बांधून घेईल.

लांब नावांचं: ते स्कॅन विंडोजवर केले होते का? एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइलसिस्टीममध्ये) नावाची मर्यादा यूटीएफ-१६च्या २५५ एककांची, तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे इंग्रजी नावाला २५५ अक्षरं आणि मराठीला ८५, त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजायचे. पीडीएफचं शेपूट धरलं तर ८३. मासिकाचं नाव, वर्ष, महिना, संपादक, 'दिवाळी अंक', 'पृष्ठे गहाळ' असं सगळं फाइलच्या नावात कोंबलं की सहज ओलांडते. कोणाचं होम फोल्डर ईक्रिप्टएफएसने कुलूपबंद असेल तर आणखी वाईट, तिथे १४३ बाइटच, म्हणजे देवनागरीला ४७.

पुस्तकवेडा_साताराकर
अगदी तसंच. विंडोजच्या लॅपटॉपवर केलेले. आणि काही एका शिक्षकांच्या जुन्या मॅकवरून आलेत.

डब्लिनकर
मॅक! मग जुळ्यांचा खुलासा झाला. त्या जुळ्या नावांमध्ये कुठेतरी 'कऱ्हाड', 'सातारकऱ्यांचा', 'शेतकऱ्याचा' असं काही आहे का?

पुस्तकवेडा_साताराकर
'शेतकऱ्याचा' आहे! 'वाऱ्यावर' पण. तुम्हाला इथे बसून कसं कळलं?

डब्लिनकर
त्या ऱ्य-ऱ्ह मुळे. मराठीतला तो अर्धा र युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ ला हलंत देऊन लिहितात. हा ऱ एक चिन्ह म्हणूनही साठवता येतो आणि साधा र अधिक नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. दिसायला फरक नाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नाव स्वीकारतानाच ते सुटं करून टाकते. 'कऱ्हाड' लिनक्सवर टाइप केलं तर १८ बाइट, त्या मॅकवरून आलं तर २१. लिनक्सला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. म्हणून आरसिंक दरवेळी 'नवी फाइल' म्हणून पुन्हा नक्कल करतो, आणि पुसण्याचा पर्याय लावला असेल तर आधीची जुनी म्हणून पुसतो.

उपाय: मॅकवरून ओढताना आरसिंकला आयकॉन्व्ह हा पर्याय, एका बाजूला यूटीएफ-८-मॅक आणि दुसऱ्या बाजूला यूटीएफ-८. जुन्या मॅकमध्ये आलेला आरसिंक २.६.९ आहे, त्याला हा पर्याय कळत नाही. त्यावर ३ ची आवृत्ती बसवावी लागते. जे आधीच आलंय त्यासाठी कॉन्व्हएमव्ही (फाइलींची नावं बदलणारी आज्ञा): यूटीएफ-८ कडून यूटीएफ-८ कडे, एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणं) लावून. तो आधी फक्त काय करणार ते दाखवतो, नोटेस्ट म्हटल्यावरच खरं करतो.

जुना_युनिक्सवाला
एक तिसरा प्रकारही आहे. काही जुनी मराठी टायपिंगची साधनं तोच अर्धा र साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह असा काढतात. ते एनएफसीनेही एकत्र येत नाही, युनिकोडच्या हिशेबी ते खरंच वेगळं लेखन आहे. त्यांना हातानेच गाठा. नावं हेक्सडंपमधून काढा, ई-२-८०-८डी दिसलं की तेच.

पुस्तकवेडा_साताराकर
दोघांनाही साष्टांग. कॉन्व्हएमव्हीने बरेच जुळे मिटवले. राहिलेल्यांत काकांचं ते जोडचिन्ह निघालं, एका स्वयंसेविकेच्या लॅपटॉपवरून आलेल्या फाइलींत. शोधही सुरू. आता रोजचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा), आरसिंक आणि डिलीट. बरोबर?

शेलारमामा
थांबा. समजा उद्या स्कॅन वेगळ्या डिस्कवर ठेवले आणि ती माउंट झाली नाही. माउंटची जागा रिकामं फोल्डर म्हणून तिथेच असते. क्रॉन रात्री २ वाजता उठेल, रिकाम्या फोल्डरची प्रामाणिक नक्कल करेल, म्हणजे बॅकअप आख्खा पुसेल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट ही आज्ञा लावून स्रोत आणि लक्ष्य दोन्ही तपासा, जोडलेलं नसेल तर तिथेच थांबा. मॅक्स-डिलीटही घाला, म्हणजे पुसण्याला मर्यादा राहील.

मीनाक्षी_के
मी तर अशा आरशाऐवजी रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधनं सुचवेन. रोजची वेगळी आवृत्ती, सारखे तुकडे एकदाच साठवतात. फाइल मंगळवारी बिघडली आणि शुक्रवारी लक्षात आलं तर आरशात तीनही दिवस बिघडलेलीच असते. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो फक्त त्याच मशीनवर असेल तर मशीन गेल्यावर बॅकअप हातात असून उघडत नाही. रेस्टिकचा चेक मूळ स्वरूपात फक्त रचना तपासतो. डेटा वाचून बघायला रीड-डेटा द्यावं लागतं, रोज एखादा हिस्सा वाचायलाही सांगता येतं.

डब्लिनकर
आणि अपयशाचा मेल खरंच येतो का ते मुद्दाम अपयश घडवून बघा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं, सुमारे ३०० जीबी. रोजचे पीजीडंप (डेटाबेसचे डंप) तपासले तर एस३ची बादली (क्लाउडवरची साठवणीची जागा) रिकामी: डंपचा प्रोग्राम ९.२चा, सर्व्हर ९.६चा, त्यामुळे तो रोज चुकत होता. चुकल्याचे मेल डीमार्कमुळे (मेल खरा की खोटा याची तपासणी) परत फिरत होते. शेवटी ६ तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) गाडी आली. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय.

पुस्तकवेडा_साताराकर
ठरलं, रेस्टिक. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक माझ्या घरी. महिन्यातून एकदा घरच्या मशीनवर कोहा-रिस्टोअर करून बघेन, तिथे डेबियन आहेच.

कोकणी_पेंग्विन
वाखूसा (वाचनखूण साठवली). जुन्या डिस्कचं काय करणार? तिच्यावर सभासदांचे पत्ते, फोन नंबर सगळं आहे.

शेलारमामा
महिनाभर कपाटात ठेवा, बाहेर काढून. एखादी फाइल राहिली असं नंतरच कळतं. मग श्रेड (वरून लिहून पुसणारी आज्ञा) चालवा, पण बदलून ठेवलेल्या त्या १६ सेक्टरांपर्यंत तो पोचत नाही, आणि डिस्क आजारी असल्याने मध्येच अडकेलही. भंगारात देण्याआधी ड्रिलने तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडा.

पुस्तकवेडा_साताराकर
ड्रिल कमिटीच्या अध्यक्षांकडे आहे. ठराव करावा लागेल.